आमदार ऑनलाइन किती दिसतो हे मोजताय? मग त्याचं मौनही मोजा

२०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. लोणार तालुक्यातल्या एका गावात, विहारात वर्षावासानिमित्त 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालू होतं. त्या संध्याकाळचं वाचन संपलं, चहा आला आणि दोन पोरांची जुंपली. विषय नेहमीचाच, कोणाचा साहेब जास्त काम करतो. एकाने मोबाईल काढून आपल्या साहेबांचं पेज दाखवलं. फॉलोअर किती, कालच्या रीलला लाइक किती. दुसऱ्याने लगेच आपल्या साहेबांचं पेज उघडलं. दोघेही बौद्ध, दोघेही पदवीधर, दोघेही बेकार. फक्त साहेब वेगवेगळ्या पक्षांचे. बाजूला सतरंजी झटकत असलेल्या एका आजीने विचारलं, "काय मोजून राह्यले रे पोट्टेहो?"

"सायेबाले किती लोक पाह्यतात ते, आजी."

"अन् सायेब कितीक लोकायले पाह्यते, ते कुठी लिहेल असते?"

सगळे हसले. मीही हसले. पण घरी जाताना आजीचा प्रश्न डोक्यातून जाईना. एम.ए.ला संशोधन पद्धतीच्या पेपरमध्ये आम्हाला 'वैधता' शिकवली होती. तुमची मोजपट्टी तुम्हाला जे मोजायचं आहे तेच मोजते का, एवढाच तो साधा प्रश्न. आजीने तो एका वाक्यात विचारला होता. फॉलोअरचा आकडा साहेबाकडे किती लोक बघतात ते सांगतो. साहेब लोकांकडे बघतो का, हे तो आकडा सांगत नाही. आणि लोकप्रतिनिधी निवडून देतो ते दुसऱ्या कामासाठी.

पक्ष काय मोजतात?

ही फॉलोअरची मोजणी पोरांनी शोधून काढलेली नाही. ती वरून आली आहे. मार्च २०१८ मध्ये पंतप्रधानांनी आपल्या पक्षाच्या खासदारांना फेसबुकवर किमान तीन लाख लाइक मिळवायला सांगितल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मध्य प्रदेश काँग्रेसने एक पत्रक काढलं. विधानसभेचं तिकीट हवं असेल तर फेसबुक पेजवर १५,००० लाइक आणि ट्विटरवर ५,००० फॉलोअर असले पाहिजेत, असं त्यात होतं. पुढे ते पत्रक मागे घ्यावं लागलं, पण दोन्ही मोठ्या पक्षांचं मन त्या वर्षी उघडं पडलं. जमिनीच्या आंदोलनात किती वेळा तुरुंगात गेलास, शिष्यवृत्तीसाठी किती मुलांना घेऊन समाजकल्याणच्या दारात बसलास, हे तिकीट मागणाऱ्याला कोणी विचारत नव्हतं.

बरं, हा आकडा खरा तरी असतो का? जुलै २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी पैसे घेऊन बनावट फॉलोअर विकणाऱ्यांचं एक प्रकरण उघडकीस आणलं. म्हणजे ज्याच्याकडे पैसा आहे त्याला लोकप्रियताही विकत मिळते. ज्याच्याकडे नाही, त्याचं काय होतं तेही आपण पाहिलं आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये दलित-बहुजन लिहिणाऱ्यांनी ट्विटरवर जातीभेदाचा आरोप केला. निळी खूण कुणाला मिळते, खातं कुणाचं बंद होतं, यात जात दिसते असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्याविरुद्धचे हॅशटॅग देशभर चालले. मग ज्या मैदानाचा उतारच एका बाजूला आहे, त्या मैदानावरच्या धावा मोजून खेळाडू कसा आहे ते ठरवायचं का?

म्हणजे मोजणी सोडून द्यावी का? नाही. मोजणीला घाबरणं आपल्याला परवडणारं नाही. जातीचा प्रश्न आकड्यांनी मांडायला बाबासाहेबांनीच शिकवलं. मोजणी करावी, पण पट्टी आपली असावी.

आमची वही

दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जणांनी एक वही घातली. त्या दोन पोरांसह. काही राखीव मतदारसंघांतले, वेगवेगळ्या पक्षांचे आमदार निवडले. आमच्या जिल्ह्यातला एकही मुद्दाम घेतला नाही, कारण वहीच्या पहिल्याच पानावर गावात भांडण नको होतं. त्यांची खरी खाती कोणती, हे शोधायला सोपा मार्ग आहे. निवडणुकीचा अर्ज भरताना उमेदवाराला नमुना २६ मध्ये जे शपथपत्र द्यावं लागतं, त्यात स्वतःच्या सोशल मीडिया खात्यांची माहितीही लिहायची असते. ही शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. चाहत्यांनी काढलेली पेजेस आणि साहेबांचं स्वतःचं खातं, यातला फरक तिथेच कळतो.

मग महिनाभर रोज रात्री त्यांच्या वॉल बघायच्या आणि प्रत्येक पोस्ट एका रकान्यात टाकायची. वाढदिवस आणि अभिनंदन. जयंती आणि पुण्यतिथी. भूमिपूजन, उद्घाटन, लग्न, सांत्वन. पक्षाचा कार्यक्रम. सभागृहातलं काम. आणि शेवटचा रकाना, लोकांनी विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं उत्तर.

आकडे इथे देत नाही. पाच हौशी माणसांची एका महिन्याची मोजणी कुणाही माणसावर ठपका ठेवायला पुरेशी नसते, आणि नावं घेऊन टाळ्या मिळवणं हा या लेखाचा हेतू नाही. एवढंच सांगते की वाढदिवसाच्या रकान्याला आम्हाला जादा पानं शिवावी लागली. शेवटचा रकाना शेवटपर्यंत जवळपास कोराच राहिला. पोस्टखाली लोक रस्ता, पाणी, घरकुल, शिष्यवृत्ती विचारत होते. त्यांना उत्तर काय, तर जोडलेल्या हातांचं चिन्ह. कधी तेही नाही.

महिनाभराने वही पूर्ण झाली आणि आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, म्हणाली, "ताई, आपण तर त्यांनी जे टाकलं तेच मोजलं. जे टाकलं नाही ते कुठं आहे?"

तिचं बरोबर होतं. आमचा विषयांचा क्रम साहेबांच्या सोशल मीडिया टीमने ठरवला होता. ते दाखवतील ते आम्ही बघत होतो आणि त्यालाच अभ्यास म्हणत होतो.

हे आम्हा लोणारवाल्यांना तरी आधी कळायला हवं होतं. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि जगभरातल्या मोबाईलवर लोणार दिसलं. क्षार सहन करणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे रंग बदलल्याचं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. चांगलीच गोष्ट झाली. पण त्या फोटोंत सरोवर होतं, काठावरच्या गावातली माणसं नव्हती. पडद्यावर काय येतं हे फोटो काढणारा ठरवतो. जे चौकटीच्या बाहेर राहतं, ते बघायला चौकट मोडावी लागते.

आधी आपलं कॅलेंडर

म्हणून आम्ही वही उलटी केली. मागच्या पानावरून सुरुवात केली. आता आधी साहेबांची पोस्ट लिहायची नाही. आधी आपल्या तारखा लिहायच्या. समाजावर परिणाम करणारी घटना कोणत्या दिवशी घडली, ते पहिल्या रकान्यात. मग त्या दिवसापासून पुढचे सात दिवस लोकप्रतिनिधी काय बोलला, ते दुसऱ्या रकान्यात. काहीच बोलला नसेल तर 'मौन' असं स्पष्ट लिहायचं. जागा कोरी सोडायची नाही.

दोन उदाहरणं देते. तुम्हीही तुमच्या आमदारावर लावून बघा.

पहिलं, परभणी. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकासमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळची संविधानाची प्रतिकृती फोडण्यात आली. दुसऱ्या दिवशी बंद, हिंसाचार, मग धरपकड. कायद्याचं शिक्षण घेणारे सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना १५ डिसेंबरला गेले. १६ डिसेंबरला नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं. म्हणजे निवडून येऊन महिनाही न झालेले सगळे आमदार त्या आठवड्यात एका शहरात, कॅमेऱ्यांसमोर होते. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या जागांवर निवडून आलेले २९ आमदारही त्यात होते. १० ते २१ डिसेंबर या बारा दिवसांत तुमच्या आमदाराच्या वॉलवर परभणी हा शब्द आहे का? असेल तर कोणत्या तारखेला? सोमनाथ गेल्यावर, की सगळे बोलू लागल्यावर?

दुसरं, पैशाचं. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी रुपये वळवल्याच्या बातम्या आल्या. हा पैसा त्याच प्रवर्गातल्या लाभार्थी महिलांना जातो, असं सरकारचं म्हणणं होतं. पण सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी दुसरीकडे वळवता येऊ नये यासाठी आंध्र प्रदेश आणि कर्नाटकात २०१३ साली, तेलंगणात २०१७ साली आणि राजस्थानात २०२२ साली कायदे झाले. महाराष्ट्रात हा कायदा नाही. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव प्रत्येक भाषणात घेणाऱ्या राज्यात नाही. त्या मे महिन्यात तुमच्या आमदाराने या विषयावर एक ओळ तरी लिहिली का? की त्या आठवड्यात आंब्याच्या पेट्यांसोबतचे फोटो होते?

हे दोन प्रश्न विचारले की फॉलोअरचा आकडा गळून पडतो. लाखभर फॉलोअर असलेला माणूस मुका निघू शकतो. दोन हजारवाला बोललेला असू शकतो.

राखीव जागेचं मौन

इथे कोणी म्हणेल, राखीव जागेवरच्या आमदाराकडूनच ही अपेक्षा का? संविधान सगळ्यांचं आहे, २८८ जणांनी बोलावं. अगदी बरोबर, सगळ्यांनी बोलावं. पण राखीव जागा कशासाठी आहे, हे आपण विसरू नये. बाबासाहेबांनी मागितले होते ते स्वतंत्र मतदारसंघ. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने मिळाले ते संयुक्त मतदारसंघातले राखीव उमेदवार. उमेदवार आपला, पण मतं बहुसंख्येने इतरांची. बहुतेक राखीव मतदारसंघांत आपण बहुसंख्य नसतो. तिथे निवडून येणाऱ्याला आपल्याला खूश करण्यापेक्षा इतरांना न दुखावणं जास्त गरजेचं वाटतं. या करारातून निघालेल्या नेतृत्वाचा हिशेब कांशीरामांनी १९८२ साली 'चमचा युग' या पुस्तकात मांडला.

आमचा लोणार तालुका मेहकर विधानसभा मतदारसंघात येतो. तो अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. बुलढाणा लोकसभा मतदारसंघही २००८ च्या पुनर्रचनेआधी राखीव होता. म्हणजे राखीव जागेचं राजकारण आम्ही पुस्तकात वाचलेलं नाही, मतदान केंद्रावर बघत आलो आहोत. म्हणून सांगते, पुणे कराराचा परिणाम आज कुठे बघायचा असेल तर साहेबांची वॉल बघा. तिथे १४ एप्रिलला बाबासाहेबांचा फोटो असतो, ६ डिसेंबरला असतो. फोटोने कोणी दुखावत नाही. मधल्या दिवसांत, ज्या गोष्टीने गावातला एखादा मोठा गट दुखावेल अशी गोष्ट घडते, तेव्हा काय असतं? ते मोजलं की कळतं, साहेब कुणाच्या मतांना घाबरतो.

'पक्षाचा आदेश असतो' ही सबबही तपासून घ्या. पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची १९८५ साली आली. व्हिप लागतो तो सभागृहातल्या मतदानाला. कोठडीत गेलेल्या तरुणाच्या आईला भेटायला जाणं, त्याच्यासाठी चार ओळी लिहिणं, याला व्हिप आडवा येत नाही. तिकीट आडवं येतं.

पडदा, सभागृह, वस्ती

आता आमच्याच पद्धतीवरचा आक्षेप. त्या दोन पोरांपैकी एकाने तो घेतला आणि तो खरा होता. "ताई, समजा एखादा फेसबुकवर गप्प आहे, पण सभागृहात बोलला असेल तर? आपण त्याला फुकट बदनाम करू."

म्हणून वहीत तिसरा रकाना आला, सभागृह. विधिमंडळाच्या कामकाजाचं थेट प्रक्षेपण आता मोबाईलवर बघता येतं. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नांच्या याद्या असतात. तारांकित प्रश्न कोणता, लक्षवेधी कोणी मांडली, अर्ध्या तासाची चर्चा कोणी मागितली, अशासकीय विधेयक कोणी आणलं, हे शोधायला वेळ लागतो पण सापडतं. खासदारांची हजेरी, प्रश्न आणि चर्चेतला सहभाग पीआरएस ही दिल्लीची संस्था मांडते. मुंबईच्या आमदारांचं प्रगतीपुस्तक प्रजा फाउंडेशन काढतं. लोणार, मेहकर, रिसोड, जिंतूरच्या आमदाराचं प्रगतीपुस्तक आपल्यालाच काढावं लागेल.

हा रकाना भरताना एक गोष्ट लक्षात आली. वॉलवर सभागृहातल्या भाषणाची चित्रफीत असते. मागे जोरदार संगीत, खाली मोठी अक्षरं. ती चित्रफीत आमदाराच्या शेवटच्या वाक्यावर संपते. मंत्र्याने काय उत्तर दिलं ते तिच्यात नसतं. आम्ही एकदा मूळ प्रक्षेपण शोधून पुढची दोन मिनिटं बघितली. मंत्री म्हणाले, तपासून घेतो. आमदार खाली बसले. उपप्रश्न नाही, मुदत मागितली नाही. चित्रफितीखाली मात्र 'साहेबांनी सरकारला धारेवर धरलं' असं लिहिलं होतं. त्या दिवसापासून आमचा नियम झाला, उत्तरासकट बघितल्याशिवाय सभागृहाच्या रकान्यात नोंद करायची नाही.

नुसते प्रश्न मोजण्यातही धोका आहे. ब्रिटनमध्ये खासदारांचं काम नोंदवणारं 'दे वर्क फॉर यू' हे संकेतस्थळ २००४ साली सुरू झालं. तिथे किती वेळा बोलले याचा आकडा दिसू लागला, तसे काही खासदार केवळ आकडा वाढावा म्हणून बोलतात, अशा तक्रारी आल्या. आकड्यांवरून कामाचा दर्जा कळत नाही, अशी सूचना त्या संकेतस्थळाला द्यावी लागली. जर्मनीत त्याच वर्षी हॅम्बुर्गमधून सुरू झालेल्या 'आबगेओर्डनेटेनवॉच' या उपक्रमाने वेगळी वाट धरली. तिथे नागरिक लोकप्रतिनिधीला सगळ्यांसमोर प्रश्न विचारतो आणि उत्तर आलं की नाही, ते सगळ्यांना दिसतं. आमच्या वहीतला शेवटचा कोरा रकाना तो हाच. मला विचाराल तर एकच गोष्ट मोजायची मुभा असेल तर ही मोजावी. किती बोलला यापेक्षा किती जणांना उत्तर दिलं.

चौथा रकाना आजीचा, वस्ती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत, इंटरनेट कधी तरी वापरलं आहे असं सांगणाऱ्या स्त्रिया देशात ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. साहेब ऑनलाइन चोवीस तास हजर असला तरी त्या आजीसाठी तो गैरहजरच आहे. तिच्यासाठी तो हजर आहे का, हे वस्तीत जाऊनच कळतं. इथेही मोजायला आधार आहे. खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. त्यातला किमान १५ टक्के अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी आणि ७.५ टक्के आदिवासी भागांसाठी सुचवावा, असं मार्गदर्शक सूचनांत आहे. ५ कोटींचे १५ टक्के म्हणजे ७५ लाख. तुमच्या खासदाराच्या वॉलवरच्या भूमिपूजनांत आपल्या वस्तीतली किती, हे बघा. मग माहितीच्या अधिकारात कामांची यादी मागवा आणि जागेवर जाऊन काम झालं का ते बघा.

१९२७ चे तीन महिने

पडदा, सभागृह, वस्ती. हे तीन रकाने आमच्या डोक्यातून निघाले असं मला वाटत होतं. नंतर बाबासाहेबांच्या १९२७ सालाच्या तारखा चाळत होते तेव्हा उमगलं की ही मांडणी आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहे.

फेब्रुवारी १९२७ मध्ये बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात सदस्य म्हणून बसले, तेव्हा ते सरकारने नेमलेले सदस्य होते. २० मार्च १९२७ ला ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. तीन महिन्यांच्या आत सभागृह, रस्ता आणि वर्तमानपत्र, तिन्ही ठिकाणी एकच माणूस आणि एकच प्रश्न. महाडचा प्रश्न तरी कुठून सुरू झाला? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली याच कायदेमंडळात मंजूर झाला होता. ठराव कागदावर पडून होता. त्याला पाय फुटले ते तळ्यावर.

पुढे १९ मार्च १९२८ ला त्यांनी महार वतनाच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. १९३७ साली निवडून आल्यावर १७ सप्टेंबरला खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून आले. विधेयक आत, मोर्चा बाहेर आणि बातमी 'जनता'मध्ये. १९२७ ते १९३९ या काळातली त्यांची मुंबई कायदेमंडळातली भाषणं महाराष्ट्र शासनाने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या समग्र वाङ्मयाच्या दुसऱ्या खंडात आहेत. आपल्या किती कार्यकर्त्यांनी तो खंड उघडला आहे? जयंतीला आपण बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणतो. विरोधी बाकावर बसलेला, प्रश्न विचारणारा, आकडे मांडणारा आमदार म्हणून त्यांना फार कमी वाचतो. आमदार कसा असावा याची पट्टी आपल्या घरात असताना आपण लाइक मोजत बसलो.

आता स्वतःची वॉल

हा लेख इथे थांबवला असता तर सोपं झालं असतं. साहेबांना नावं ठेवून टाळ्या मिळाल्या असत्या. पण वही पुढे गेली.

त्या बी.ए.च्या मुलीनेच सुचवलं, आपल्याही वॉल याच रकान्यांत भरू. आम्ही पाचही जणांनी आपापला मागचा महिना काढला. माझ्या वॉलवर अभिवादनं होती, कार्यक्रमांची पत्रकं होती, फुलं वाहतानाचे फोटो होते, दुसऱ्या गटाच्या नेत्याला मारलेले टोमणे होते. त्याच महिन्यात आमच्या कामाच्या गावांपैकी एका गावात आपल्या वस्तीच्या स्मशानभूमीकडे जाणाऱ्या वाटेचा अर्ज अडकून पडला होता. मी तिथे दोनदा गेले होते. त्याबद्दल माझ्या वॉलवर एक ओळ नव्हती. का नव्हती? कारण त्या गावातल्या ज्यांच्या शेतातून वाट जाते, त्यांच्याशी मला उद्या दुसऱ्या कामासाठी बोलायचं होतं. म्हणजे माझं मौनही मोजून मापून ठेवलेलं होतं, साहेबांसारखंच. माझ्या नावापुढे मी स्वतः 'मौन' लिहिलं. लिहिताना हात जड झाला, खोटं कशाला सांगू.

त्याचा एक फायदा झाला. साहेबाचं मौन बघताना आता मला फक्त राग येत नाही, त्यामागचं गणितही दिसतं. गणित दिसलं की ते बदलण्याचा मार्गही दिसतो. साहेब इतरांची मतं जाण्याच्या भीतीने गप्प बसतो. आपली मतं जाण्याची भीती त्याला वाटत नाही, कारण आपण हिशेबच ठेवत नाही. चौदा एप्रिलच्या एका बॅनरवर, एका डीजेच्या वर्गणीवर आपण वर्षभराचं मौन माफ करतो.

ते वाटेचं प्रकरण आम्ही मग तारखेनिशी लिहिलं. अर्ज कधी दिला, पोच कधी मिळाली, कुणाकुणाला प्रत दिली. ते सगळं एका पोस्टमध्ये टाकलं आणि संबंधित लोकप्रतिनिधींना त्यात जोडलं. शिवी नाही, टोमणा नाही, फक्त तारखा आणि एक प्रश्न. आठवडाभराने एका कार्यालयातून फोन आला, 'ताई, पोस्ट काढा, काम बघतो.' आम्ही म्हटलं, काम झालं की त्याच पोस्टखाली तसं लिहू. वाट अजून झालेली नाही. पोस्टही अजून तिथेच आहे.

तुम्हाला करायचं असेल तर फार काही लागत नाही. दोनशे पानी वही, चार-पाच जण आणि महिन्यातून एक बैठक. त्यात वेगवेगळ्या पक्षांना मानणारे असतील तर उत्तम, एकमेकांवर लक्ष राहतं. आपल्या तारखा आधी लिहा. मग पडदा, सभागृह, वस्ती हे तीन रकाने. उत्तर आलं तर आलं म्हणून लिहा, आणि चांगलं काम दिसलं तर तेही तितक्याच ठळकपणे लिहा, मग तो आमदार तुमच्या नावडत्या पक्षाचा का असेना. मौन असेल तर मौन लिहा. आणि वहीचं पहिलं पान स्वतःसाठी ठेवा.

त्या आजीला मी वही दाखवायला नेली होती. तिला वाचता येत नाही. तिने पानं उलटून बघितली आणि विचारलं, "यात आपल्या गल्लीचं पान कोनतं?" आम्ही तोवर ते घातलंच नव्हतं. आता घातलं आहे.

जय भीम! जय संविधान!